मधले पद फोडताना तोच गुणाकार का?

प्रश्न : ६य² + ७य − २० या त्रिपदीचे अवयव पाडण्यासाठी गुणाकार −१२० आणि बेरीज ७ येईल अशा दोन संख्या शोधायच्या, एवढे मला येते. पण गुणाकार ६ आणि −२० यांचाच का घ्यायचा? आणि विस्तारसूत्रांचा या रीतीशी काही संबंध आहे का?

उत्तर : अवयव पाडणे ही गुणाकाराची उलट क्रिया असल्यामुळे उत्तराकडून मागे आले, की कारण दिसते. (अय + ब)(कय + ड) हा गुणाकार केल्यास पहिल्या पदाचा सहगुणक अक, स्थिर पद बड आणि मधल्या पदाचा सहगुणक अड + बक असा येतो. मधल्या पदात एकत्र झालेल्या अड आणि बक या दोन तुकड्यांचा गुणाकार केला, तर त्यात तीच चार अक्षरे येतात जी अक आणि बड यांच्या गुणाकारात येतात. म्हणून हे दोन्ही गुणाकार समानच असतात.

आपल्या उदाहरणात ते तुकडे १५ आणि −८ आहेत. ६य² + १५य − ८य − २० यातून ३य(२य + ५) − ४(२य + ५), म्हणजेच (२य + ५)(३य − ४) मिळते. तुकड्यांचा क्रम बदलला तरी चालते. चूक होते ती बहुधा −४ सामाईक काढताना कंसात २य − ५ लिहिल्यामुळे.

सूत्रांचा संबंध तर फारच जवळचा आहे. ४य² + १२य + ९ मध्ये ३६ चे तुकडे ६ आणि ६ असे सारखेच निघतात आणि (२य + ३)² मिळतो. ९य² − २५ मध्ये बेरीज शून्य असल्यामुळे तुकडे १५ आणि −१५ होतात. शिवाय, दोन संख्यांच्या बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची चौपट वजा केली, की फरकाचा वर्ग उरतो, या नित्य समानतेमुळे जोड्या चाचपण्याची गरजच राहत नाही. आपल्या पहिल्या उदाहरणात ७² − ४ × (−१२०) = ४९ + ४८० = ५२९, म्हणजे २३ चा वर्ग; बेरीज ७ आणि फरक २३, तेव्हा संख्या १५ आणि −८. मात्र −२० च्या जागी −१९ असते, तर ५०५ आले असते. ती पूर्ण वर्गसंख्या नाही, त्यामुळे पूर्णांक सहगुणकांचे अवयव तिथे पडतच नाहीत आणि जोडी शोधणे लगेच थांबवता येते.