‘सेल्फ फॅब्रिक’ म्हणजे घरचं कापड नव्हे

प्रश्न : ताई, मी हडपसरची, वय 38. दहावी 2003 साली, मराठी माध्यमातून. पंधरा वर्षं घरी ब्लाऊज शिवले आणि यंदा धाडस करून आयटीआयला सोइंग टेक्नॉलॉजीला प्रवेश घेतला. मशिनवर मी वर्गात कुणाला ऐकत नाही, पण एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स (नोकरीसाठीची कौशल्यं) या विषयातल्या इंग्रजीच्या तासाला घाम फुटतो. सातवीतला मुलगा इंग्रजी माध्यमात आहे, तो माझं ‘मेजर टेप’ ऐकून हसतो. अभ्यास कसा करू? तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीचा क्लास लावू का?

उत्तर : क्लास नको. ते पैसे राहू द्या, चांगली कात्री घ्या.

आधी मनातली एक गोष्ट काढून टाका. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. तुम्ही त्याआधीच्या, पाचवीला एबीसीडी गिरवलेल्या. तुमच्या शेजारच्या बाकावरची अठरा वर्षांची पोरगी चार वर्षं पुढून निघालीय, एवढंच. आयटीआयला वयाची वरची अट नाही, तर तुम्ही कशाला घालून घेता?

आता माझी फजिती ऐका. इन्स्ट्रक्टर होण्याआधी मी एका कारखान्यात सॅम्पल शिवायची. कागदावर लिहिलेलं, ‘पायपिंग इन सेल्फ फॅब्रिक’. पायपिंग म्हणजे कडेला लावायची बारीक पट्टी. सेल्फ म्हणजे स्वतःचं, हे शाळेत पाठ केलेलं. मी दुसऱ्या दिवशी घरून मरून रंगाचा तुकडा नेला आणि पिस्ता रंगाच्या कुर्त्याला पायपिंग लावलं! सेल्फ म्हणजे त्याच कपड्याचं कापड. व्याकरण माझं बरं होतं, धंद्यातलं इंग्रजी नव्हतं.

म्हणून काळ पाठ करत बसू नका. एक दोनशे पानी वही घ्या आणि तुमच्या हाताला आधीच माहीत असलेले शब्द डावीकडे लिहा. माया (शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड) : सीम अलाउन्स. मुंढा : आर्महोल. काज : बटनहोल. बाही, गळा, टीप, अस्तर, सगळे. समोर इंग्रजी स्पेलिंग. इथे वस्तू तुम्हाला येतेच आहे, फक्त नाव नवं. स्पेलिंग मात्र घोटा, कारण कानाला ‘सीम’ दोन ऐकू येतात : एस ई ए एम म्हणजे शिवण, एस ई ई एम म्हणजे वाटणं.

खरी गोची वाक्यात होते. हे पाहा : ‘अटॅच लायनिंग आफ्टर प्रेसिंग सीम ओपन.’ पहिला शब्द वाचून अस्तर जोडायला घेतलंत की उसवणं आलं. आधी शिवणीची माया दोन्ही बाजूंना उघडून इस्त्री, मग अस्तर. मराठीत आपण काम ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने सहसा सांगतो; इंग्रजीत नंतरचं काम आधीही येऊन बसतं. तेव्हा सूचना दिसली की ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अनलेस’, ‘अंटिल’ यांना आधी पेन्सिलीने गोल करा. रोज पाच वाक्यं, मोठ्याने, मशिनवर बसूनच. कपड्यांच्या आतल्या लेबलांवरची वाक्यंही चालतील, फुकटची आहेत.

परीक्षेसाठी भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवर प्रश्नसंच आहेत. चेन्नईची निमी ही संस्था आयटीआयची पुस्तकं काढते, मराठीतही. मात्र उत्तरावर हात ठेवून सोडवा. नुसतं वाचलं की सगळं आल्यासारखं वाटतं.

बोलण्याचं म्हणाल तर स्वतःची ओळख पाच वाक्यांत तयार ठेवा आणि पंधरा वर्षांचा अनुभव त्यात दुसऱ्याच वाक्यात येऊ द्या. बायका तो शेवटी, चाचरत सांगतात, मला फार राग येतो.

राहिलं ‘मेजर’. त्यातला ‘ज’ आपल्या अक्षरांत बसतच नाही. ‘टेलिव्हिजन’मध्येही तोच आहे आणि तिथेही आपण ‘ज’च लिहितो. शिक्षिकेकडून दोनदा ऐका, जमेल. आणि चिरंजीवांना एस ई डब्ल्यू हा शब्द वाचायला द्या. तुमच्या कोर्सच्या नावातलाच आहे, उच्चार ‘सो’. तो ‘स्यू’ म्हणाला, तर तुम्हीही जरा हसून घ्या.