५ आणि ८ वर्षांच्या मुलांना सोबत घेऊन सणासाठी घरी साध्या कुकीज कशा कराव्यात?

तुम्ही विचारले आहे की साच्याने कापलेल्या कुकीज ओव्हनमध्ये पसरतात, पीठ हाताला चिकटते आणि निम्मे काम होईपर्यंत मुले कंटाळून उठून जातात. यावर उपाय काय? माझ्या अनुभवाने यातल्या पहिल्या दोन अडचणी पाककृतीमुळे येतात आणि तिसरी सगळे काम एकाच बैठकीत उरकण्याच्या आग्रहामुळे. म्हणून मुलांसोबत करताना मी ठरावीक प्रमाणाचे साधे पीठ वापरते आणि काम दोन दिवसांत विभागते.

प्रमाण मुलांच्याही लक्षात राहील इतके सोपे आहे: १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बटर आणि ३०० ग्रॅम मैदा. त्यात एक छोटा चमचा व्हॅनिला आणि बटर बिनमिठाचे असेल तर चिमूटभर मीठ घालावे. अंडे लागत नाही. बेकिंग पावडर किंवा सोडा मुद्दाम घालायचा नाही, कारण त्यांमुळे कुकी फुगते, पसरते आणि चांदणीची टोके बोथट होतात. साखरही दाणेदार न घेता पिठीच घ्यावी. दाणेदार साखर भाजताना विरघळते तेव्हा कुकी अधिक पसरते. शक्य असेल तर वाटीने न मोजता वजनकाट्यावर मोजावे, कारण वाटीत मैदा दाबून भरला की सैल भरला यावर त्याचे वजन बरेच बदलते. काट्यावरचा आकडा बरोबर ३०० वर आणून थांबवणे हे आठ वर्षांच्या मुलाला मनापासून आवडणारे काम आहे, त्यामुळे ते त्याच्यावरच सोपवावे.

बोट दाबले असता खळगा पडेल इतपत मऊ, पण न वितळलेले बटर साखरेसोबत एकजीव होईपर्यंत फेटावे, मग मैदा चाळून घालावा आणि गोळा जमताच हात थांबवावा. पीठ कोरडे वाटून जमत नसेल तर एक-दोन चमचे दूध पुरते. मैद्यात पाणी मिसळून तो मळत राहिले की त्यात ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते आणि कुकी कडक होते. या पिठात बटर भरपूर आणि पाण्याचा अंश थोडा असल्यामुळे मुलांनी ते दोन-तीन वेळा गोळा करून पुन्हा लाटले तरी ते बऱ्यापैकी तग धरते. मात्र उष्णता त्याला सोसत नाही. तळहाताच्या उबेनेही बटर पातळ होऊ लागते, आणि चिकटपणाचे मूळ बहुतेक वेळा तेच असते. अशा वेळी वरून मैदा भुरभुरत राहण्याचा मोह होतो, पण त्याने कुकीज कोरड्या होतात. त्याऐवजी पीठ १५ मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे.

पीठ दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून सुमारे ५ मिलिमीटर जाडीचे लाटावे आणि त्याच स्थितीत किमान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. बरेच जण गोळा थंड करून मग लाटतात. तो दगडासारखा घट्ट झालेला असतो आणि लहान हातांना लाटता येत नाही. आधी लाटून मग थंड केले की मुलांच्या वाट्याला थेट साच्याने कापण्याचे काम येते. पाच वर्षांचे मूल साचा दाबताना तो हमखास गोल फिरवते आणि आकार कडेने फाटतो, म्हणून साचा कोरड्या मैद्यात बुडवून सरळ खाली दाबायला आणि सरळच वर उचलायला दाखवावे. आकार कधीही हाताने उचलू नयेत. त्यांच्या भोवतीचे उरलेले पीठ सोलून काढावे आणि कुकीज कागदासकट ट्रेवर सरकवाव्यात. मग त्या वेड्यावाकड्या होत नाहीत. मुलांना अर्धेच पीठ द्यावे आणि उरलेले थंड राहू द्यावे.

ओव्हन आधी १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घ्यावा. कुकीज १० ते १४ मिनिटांत होतात, पण घरगुती ओव्हनचे तापमान नेमके नसते, म्हणून आधी दोनच कुकीज भाजून पाहाव्यात. कडा फिकट सोनेरी दिसल्या की ट्रे बाहेर काढावा. मधला भाग तेव्हा मऊ लागतो आणि कच्चा राहिला असे वाटते, पण गार होताना कुकी आपोआप घट्ट होते. लहान आणि मोठे आकार एकाच ट्रेवर ठेवले तर लहान आधी करपतात. ओव्हन उघडणे आणि ट्रे हाताळणे हे काम मोठ्यांचेच.

कच्चे पीठ चाखू देऊ नये, हे मी आग्रहाने सांगते. अंडे नाही म्हणून ते सुरक्षित आहे असे अनेकांना वाटते, परंतु कच्च्या मैद्यातही ई. कोलाय आणि साल्मोनेलासारखे आजार देणारे जीवाणू असू शकतात, आणि ते भाजल्यावरच मरतात. काम संपल्यावर हात साबणाने धुवून घ्यावेत.

सजावट दुसऱ्या दिवशी करावी. कोमट कुकीवर आयसिंग ओघळते, आणि मुलांचा उत्साहही रात्रभरात पुन्हा भरून येतो. १०० ग्रॅम पिठीसाखरेत दूध अगदी थेंबाथेंबाने, साधारण तीन-चार छोटे चमचे, घालून चमच्यावरून संथ पडेल असे मिश्रण करावे. ते वाट्यांमध्ये वाटून प्रत्येकात खाण्याचा रंग घालावा. पाच वर्षांच्या मुलाला कोनापेक्षा छोटा चमचा किंवा स्वच्छ ब्रश सोपा पडतो. तो एकाच कुकीवर सगळे रंगीत दाणे ओतेल, ओतू द्यावे. ज्या कुकीज इतरांना द्यायच्या असतील, त्या हवे तर तुम्ही वेगळ्या काढून सजवा, पण मुलाने केलेली कुकी त्याच्यादेखत दुरुस्त करू नका. आयसिंग वाळायला काही तास लागतात, तोवर त्या एकमेकींवर रचू नयेत.

५ सेंटिमीटरच्या साच्याने एवढ्या पिठात साधारण ४० ते ५० कुकीज होतात. न सजवलेल्या कुकीज हवाबंद डब्यात आठवडाभर चांगल्या राहतात. एवढ्या एकदम नको असतील तर निम्मे पीठ नीट गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवता येते. ते महिनाभर टिकते. वापरण्याच्या आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावे आणि सकाळी थोडा वेळ बाहेर ठेवून मऊ होऊ द्यावे, म्हणजे ते लाटण्याजोगे होते.