शोक करणारे धन्य कसे काय? नम्रता, दुःख आणि देवाची ओढ रोजच्या जगण्यात कशी आणायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील जाऊन वर्ष झालं, कोणीतरी नवा करार हातात दिला, त्यात मत्तयाच्या पाचव्या अध्यायात 'आत्म्याने दीन ते धन्य', 'शोक करणारे धन्य', 'नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले ते धन्य' असं वाचलंत आणि आता विचारताय की हे जगायचं कसं, कारण नम्र राहिलं की ऑफिसात लोक डोक्यावर बसतात, रडलं की घरचे म्हणतात आता पुरे, आणि देवाची ओढ वाटते पण प्रार्थनेला बसलं की तोंडातून शब्द फुटत नाही.

मी पाळक नाही, थिऑलॉजी वगैरे काही शिकलेलो नाही. पुण्यात एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघतो, वय 54. घराणं मूळचं नगरकडचं, आजोबा पुण्यात आले ते गुरुवार पेठेत पंचहौदच्या आसपास राहिले, आता आम्ही घोरपडीला. मराठी ख्रिस्ती. (नवीन माणूस हमखास विचारतो घरी कुठली भाषा बोलता, तर मराठीच हो, आणि नाताळला करंज्या-चकल्याच करतो.) तेव्हा पुस्तकातलं कमी आणि माझ्यावर बेतलेलं जास्त सांगतो.

मी आमच्या चर्चचा सेक्रेटरी होतो, बरीच वर्षं. मंडळीत कुणाची मयत झाली की पहिला फोन मला. पेटी सांगायची, कबर खणणाऱ्याला गाठायचं, गाडी बघायची, गीतांच्या झेरॉक्स, परत आल्यावर लोकांना चहा. सगळं करायचो आणि मागे उभा राहायचो, फोटोत यायचो नाही, कुणी आभार मानले तर 'अहो प्रभूचं काम' म्हणायचो. लोक म्हणायचे काय नम्र माणूस आहे. मलाही तसंच वाटायचं, आणि गोची तिथेच होती.

जून 2018 मध्ये ताई गेली. माझ्यापेक्षा 14 वर्षांनी मोठी, आई लवकर गेल्यामुळे मला तिनेच वाढवलं, लग्न केलं नाही, शाळेत शिकवायची, रिटायर झाल्यावर आमच्याकडेच राहायची. तीन दिवसात खेळ खल्लास. आता बघा, आई गेली, बायको गेली तर लोकांना काय बोलायचं ते माहीत असतं. बहीण गेली म्हटलं की 'अच्छा, बहीण होय' असं म्हणतात, म्हणजे जरा हलकं प्रकरण. कबरस्थानात मी माती टाकायला वाकलो आणि हुंदका आला, तर आमच्यातले एक वडीलधारे गृहस्थ कानात म्हणाले, सावरा, तुम्ही सेक्रेटरी आहात, लोकांपुढे साक्ष काय जाईल, ती प्रभूत निजलीय, आपल्याला आशा आहे ना. मी सावरलो. ते इतकं छान सावरलो की पुढे दहा महिने डोळ्यातून टिपूस नाही.

त्यांच्या डोक्यात जे वचन होतं ते येशूचा प्रेषित पौल याचं, थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय 4, ओवी 13. आमच्याकडे प्रत्येक मयतीला वाचतात. पण ते नीट वाचा हो. ज्यांना आशा नाही अशा लोकांसारखा खेद करू नका असं आहे ते, खेदच करू नका असं नाहीये. अर्धं वाक्य ऐकून किती लोकांचं रडणं दाबलं गेलं असेल देव जाणे. आणि स्वतः येशूचं बघा, योहान अध्याय 11, लाजर मेलाय, मार्था आणि मरीया दोघी बहिणी एकामागून एक येऊन त्याला तेच सुनावतात की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. म्हणजे तक्रारच की सरळसरळ. तो त्यांना विश्वास कमी पडतोय म्हणून झापत नाही. पाच मिनिटांत लाजराला जिवंत उठवणार आहे हे माहीत असूनसुद्धा तो कबरेकडे जाताना रडतो. ज्याला शेवट माहीत आहे तो रडतो, आणि आपण आपल्या बहिणीला माती देताना सावरायचं, हा काय हिशेब आहे?

जुन्या करारातला ईयोब, ज्याची मुलंबाळं, सगळं गेलं, त्याचे मित्रसुद्धा मला आवडतात, म्हणजे सुरुवातीचे. सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोंड उघडलं आणि मग सगळं बिघडलं. तुमच्या घरचे 'आता पुरे' म्हणतात ते याच जातीचं आहे, त्यांच्यावर रागवू नका, त्यांना तुमचं रडणं बघवत नाही इतकंच. पण ऐकूही नका.

पुण्यातल्या माणसाला दुसरं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. त्यांनी काढलेलं केडगावचं मुक्ती मिशन सोलापूर लाइनवर आहे, जमलं तर एकदा जाऊन या. या बाईचे आईवडील दुष्काळात गेले, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तर 1882 ला नवरा गेला, आणि शेवटी 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा, जी आईचं सगळं काम पुढे चालवणार होती, ती गेली. रमाबाई त्या वेळी बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायांना कळेल अशा मराठीत. मुलगी गेल्यावर पण ते काम सोडलं नाही, आणि वर्षभरात, 5 एप्रिल 1922 ला, स्वतः गेल्या. पुस्तक 1924 ला निघालं. लोक हे विश्वास किती मोठा म्हणून सांगतात, ते आहेच. मला मात्र नेहमी वाटतं की मुलगी गेलेली बाई बायबलमधली रडण्याची स्तोत्रं भाषांतर करताना नुसती भाषांतर करत नसणार.

बरं, आता नम्रतेचं. तो डबा सांगितल्याशिवाय सांगता येणार नाही.

ताई गेल्यावर खालच्या मजल्यावरच्या मावशी रोज संध्याकाळी डबा पाठवायला लागल्या. तीन खणांचा स्टीलचा, एका बाजूची कडी ढिली म्हणून तिला रबर लावलेलं. पिठलं, भाकरी, कधी मुगाची खिचडी. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, तुम्हाला माहीतच आहे. मी काय करायचो, खिचडी आली की दुसऱ्या दिवशी डझनभर केळी, भाकरी आली की कयानी बेकरीची श्रूजबरी बिस्किटं. बायको म्हणाली अहो जरा जास्त होतंय. पण मला चैनच पडायचं नाही, कुणाचं काही अंगावर राहिलं की रात्री झोप नाही, अकाउंट्सवाला माणूस, नावे बाजूला काही दिसलं की ते त्याच दिवशी फेडायचं. शेवटी एक दिवस मावशी स्वतःच वर आल्या, श्रूजबरीचा पुडा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, 'अरे मी काय दुकान टाकलंय का? रिकामा दे डबा. तुझ्या ताईने माझ्या पोरांना फुकट शिकवलं तेव्हा मी दिले होते का बिस्किटं?' मला इतका राग आला तुम्हाला काय सांगू. दरवाजा लावून अर्धा तास धुमसत बसलो.

तो राग कशाचा होता ते कळायला पवित्र गुरुवार, म्हणजे गुड फ्रायडेचा आदला दिवस, उजाडावा लागला, 18 एप्रिल 2019. त्या दिवशी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो, योहानाच्या तेराव्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुतले ते. पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. यादी सेक्रेटरी करतो, म्हणजे मी. माझं नाव मी कधी घातलं नव्हतं, मी तांब्या आणि टॉवेल घेऊन बाजूला उभा राहायचो, मान जरा खाली, अगदी नम्र पोझ. त्या वर्षी पाळकसाहेब म्हणाले, यंदा तू बस. मी म्हटलं नको, लोकं आहेत की. ते म्हणाले, पेत्रसुद्धा हेच म्हणाला होता, येशू त्याचे पाय धुवायला आला तेव्हा.

बसलो. मोजे काढले तर टाचांना भेगा, अंगठ्याचं नख काळं पडलेलं, दिवसभर बुटात राहिल्याचा वास. मी बाकीच्या अकरा जणांच्या पायांकडे चोरून बघून घेतलं, माझ्याइतके वाईट कुणाचेच नव्हते. आणि मग ते घंगाळ समोर आलं. पितळेचं, आमच्याच घरचं, दरवर्षी गुरुवारसाठी आमच्याकडून जायचं, आणि आदल्या दिवशी ताई चिंच लावून लावून ते असं घासायची की त्यात तोंड दिसायचं. त्या वर्षी ते घासायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. काळंकुट्ट, कडेला हिरवट डाग. पाळकसाहेबांनी माझी टाच हातात धरली, पाणी गार होतं, आणि मी जो रडायला लागलो तो थांबेना, सगळ्या मंडळीपुढे, नाक गळतंय, टॉवेल माझ्याकडे नाही कारण या वेळी टॉवेल दुसऱ्याच्या हातात. जून महिन्यातलं रडणं एप्रिलमध्ये निघालं.

पेत्राला येशू जे म्हणतो ना, मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, ते मी लहानपणापासून ऐकत आलो, पण ते मला लागू पडतं असं कधी वाटलं नव्हतं. मी धुणाऱ्यांतला होतो ना. दुसऱ्याची सेवा करण्यात एक गंमत आहे, आपण वरच्या बाजूला राहतो. देणाऱ्याचा हात वर. आपली भेगाळलेली टाच दुसऱ्याच्या हातात देऊन गप बसणं हे मला जमत नव्हतं, आणि मावशींवरचा माझा राग तोच. 'आत्म्याने दीन' याचा अर्थ मी आता एवढाच घेतो की माझ्याकडे फेडायला काही नाही हे मान्य असणं. दुःखात ते आपोआप होतं, म्हणून ती दोन वाक्यं एकामागोमाग आली असावीत असं आपलं माझं मत, पंडितांना विचारू नका.

ऑफिसात लोक डोक्यावर बसतात म्हणालात, तर त्याचा नम्रतेशी काही संबंध लावू नका. महायाजकापुढे चौकशी चालू असताना एक शिपाई येशूला चपराक मारतो, योहान 18. तिथे तो गप बसत नाही. मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते सांग, बरोबर बोललो असेन तर मारतोस का, असं तोंडावर विचारतो. आवाज न चढवता. तुमचं काम दुसरा स्वतःच्या नावावर खपवत असेल तर मेल टाका आणि सांगा हे मी केलंय. त्याने नम्रता जात नाही. मी स्वतः हे शिकायला फार उशीर केला, आणि त्या उशिराला मी वर्षानुवर्षं नम्रता म्हणत आलो.

राहिली ओढ. यात माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही, कारण मलाही पुष्कळ दिवस कोरडेच जातात. बेचाळिसाव्या स्तोत्रात हरिणी पाण्यासाठी 'लुलपते' असा शब्द आहे जुन्या भाषांतरात, रोजच्या बोलण्यात तो राहिला नाही, पण उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावरचं कुत्रं जीभ बाहेर काढून नळाच्या खाली थेंबाची वाट बघत बसलेलं असतं ना, तसं. लक्षात घ्या, त्या हरिणीला पाणी मिळालेलं नाहीये. मिळालं असतं तर लुलपली कशाला असती. तेव्हा काही येत नाही म्हणजे देव नाही किंवा आपण नालायक असं लगेच धरू नका. 88 वं स्तोत्र वाचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंधार, शेवटच्या ओळीतसुद्धा आशेचा एक शब्द नाही, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. वधस्तंभावर येशूने ओरडून म्हटलं ते 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' हेसुद्धा बाविसाव्या स्तोत्रातलं, म्हणजे त्या घटकेला त्यानेही दुसऱ्याचे शब्द उसने घेतले. आपण घ्यायला काय हरकत आहे?

मी तेच करतो. सकाळी आंघोळ झाली की बाल्कनीत उभं राहून एक स्तोत्र मोठ्याने वाचतो, दोन-तीन मिनिटं लागतात, मनाला लागलं तर लागलं, नाही लागलं तर तसाच ऑफिसला. स्वतःची प्रार्थना सुचली तर बोनस. तुम्ही मराठीच आहात तर तुमच्याकडे तर तुकोबा आहेत, त्यांची बायको-मुलगा दुष्काळात गेलेली आणि विठ्ठलाशी भांडण शेवटपर्यंत चालू. आमचे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुम्ही पुलावर कुठे उभे आहात ते तुमचं तुम्हाला माहीत, घाई करू नका, कुणी ओढायला लागलं तर तर मुळीच करू नका.

आणि एकटे राहू नका या काळात. प्रभूची प्रार्थना 'माझ्या बापा' अशी नाही, 'आमच्या स्वर्गातील पित्या' अशी सुरू होते, मला कित्येक महिने ती म्हणवत नव्हती तेव्हा बाकावर शेजारी बसलेले लोक म्हणायचे, मी नुसता उभा राहायचो. वडिलांच्या आठवणी काढणारा एखादा काका, मित्र, शेजारी असेल तर त्याच्याकडे जा, चहा घ्या, आणि त्याने पैसे दिले तर देऊ द्या.

सेक्रेटरीपद मी त्याच वर्षी सोडलं. घंगाळ आता माझी मुलगी घासते, ताईसारखं चकचकीत होत नाही. मावशींचा डबा अजून येतो, रोज नाही, आठवड्यातून एकदा-दोनदा. काल शेपूची भाजी होती, मला शेपू अजिबात आवडत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. खाल्ली. डबा धुवून ओट्यावर पालथा घालून ठेवलाय, जाताना खाली देईन, रिकामाच.