एकच लीज्ड लाइन शाखा, ऑफिस आणि बॅकअप मिळून वापरतात. दुपारी काम अडतं. लाइन वाढवावी का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीच्या मुख्य कार्यालयात 10 एमबीपीएसची (सेकंदाला 10 मेगाबिट) लीज्ड लाइन, म्हणजे टेलिकॉम कंपनीकडून फक्त आपल्यासाठी घेतलेली जोडणी आहे, तासगाव, विटा आणि जतच्या शाखा तिच्यावरूनच पतसंस्थेच्या सर्व्हरला जोडतात, ऑफिसचं इंटरनेट, कॅमेरे आणि बॅकअपही तिच्यावरच, आणि दुपारी काउंटरवर पावती निघता निघत नाही. लाइन दुप्पट करायचे पैसे एवढ्यात भरू नका.

मी मिरजेत हेच काम करतो. दुखणं बहुतेक वेळा एकच असतं. लाइन 10 ची असली तरी कंपनीच्या पेटीतून तुमच्या लिनक्स गेटवेत (सगळी वाहतूक ज्यातून ये-जा करते त्या संगणकात) येणारी केबल 1 जीबीपीएसची असते. गेटवेला समोर मोकळा रस्ता दिसतो, तो पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) सोडत सुटतो आणि ती तुंबतात कंपनीच्या उपकरणात, जिथे तुमचं काही चालत नाही. तिथला बफर, म्हणजे पॅकेटं थांबायची जागा, 1 एमबीचा असेल तर तो रिकामा व्हायला 0.8 सेकंद लागतो. पावतीचं पॅकेट इवलंसं, पण बॅकअपच्या मागे ताटकळतं. एका पावतीला सर्व्हरकडे दहा फेऱ्या होत असतील तर 8 सेकंद तिथेच गेले. मोठी फाइल बाहेर पाठवत ठेवा आणि तेव्हाच शाखेतून पिंग करून (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजून) बघा, लगेच कळेल.

म्हणून रांग आपल्या गेटवेत लागली पाहिजे. बाहेरच्या इंटरफेसवर एचटीबी (वाहतूक वर्गांत वाटून प्रत्येकाला दर ठरवून देणारी लिनक्सची सोय) लावा आणि एकूण दर 9.5 एमबिट ठेवा. वरचा अर्धा एमबिट सोडणं जिवावर येतं, पण तो सोडला नाही तर बाकीचं सगळं फुकट. आत तीन वर्ग करा: शाखांना 5, ऑफिसला 3, बॅकअप आणि कॅमेऱ्यांना 1.5. कमाल मर्यादा मात्र तिघांनाही 9.5 द्या. शेताच्या पाण्याच्या पाळीसारखं आहे हे: हक्काचं पाणी ज्याचं त्याला, त्याने घेतलं नाही तर शेजाऱ्याला.

प्रत्येक वर्गाखाली एफक्यू-कोडेल (रांग लांबू न देता सगळ्यांना आळीपाळीने सोडणारी पद्धत) हवंच. ते 2012 पासून, म्हणजे 3.5 कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्समध्ये आहे. कर्नल 4.19 किंवा पुढचा असेल तर केक (दर आवरणं आणि रांग सांभाळणं एकत्र करणारी पद्धत) वापरून बघा, त्यात फार कमी लिहावं लागतं. एचटीबीच ठेवणार असाल तर इथटूलने (नेटवर्क कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेने) टीएसओ आणि जीएसओ, म्हणजे पॅकेटं मोठ्या गठ्ठ्यात हाताळायच्या सोयी, बंद करा, नाहीतर 64 केबीचा एकेक गठ्ठा पन्नासएक मिलिसेकंद लाइन अडवून धरतो.

आत येणाऱ्या वाहतुकीसाठी आयएफबी (ती वळवून तिच्यावर दर लावता येतो असा आभासी इंटरफेस) घ्या आणि दर आणखी खाली, 9 च्या आसपास ठेवा. ती रांग पलीकडे लागते, तिला आपण फक्त आडून आवर घालतो.

बॅकअप आरसिंकने (फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने) होत असेल तर त्याची बीडब्ल्यूलिमिट, म्हणजे वेगमर्यादा, किलोबिटमध्ये नसते, किलोबाइटमध्ये असते. 200 लिहिलं की 1.6 एमबीपीएस जातात. इथे फार जण फसतात. मोठा बॅकअप शाखा बंद झाल्यावरच लावा.

एवढं झालं की आठवडाभर टीसीची (लिनक्समध्ये हे वर्ग लावणाऱ्या आज्ञेची) आकडेवारी बघा. बॅकअप थांबलेला असतानाही शाखांचा वर्ग दुपारभर कमाल मर्यादेला टेकलेला दिसला, तर लाइन खरंच अपुरी आहे. मग तेच आकडे संचालक मंडळापुढे ठेवा आणि वाढवून घ्या.