डी.फार्म. झाल्यावर पुढे शिकायचे आहे, पण घरी लग्नाचे पैगाम येऊ लागले आहेत. दीन (धर्म), घर आणि स्वतःची इच्छा यांचा मेळ मुस्लिम मुलीने कसा घालावा?

तुम्ही लिहिले आहे ते थोडक्यात असे : वय एकवीस, गाव खटाव तालुक्यात, डी.फार्म. नुकतेच पूर्ण झाले आहे आणि कराडला किंवा सांगलीला राहून बी.फार्म. करायचे आहे, पण दोन ठिकाणांहून पैगाम आले आहेत आणि अब्बा म्हणतात, ‘निकाहनंतर शीक’. कॉलेजातल्या मैत्रिणी हिजाबमुळे तुम्हाला मागासलेली समजतात, मोहल्ल्यातल्या बायकांना तोच हिजाब अपुरा वाटतो आणि या ओढाताणीत आपण चांगल्या मुसलमान आहोत की नाही, ही शंका तुम्हाला छळते आहे. मी तासगाव तालुक्यातील एका तांबोळी घरात वाढले, निकाहनंतर कायद्याचे शिक्षण घेतले आणि आता सांगलीत वकिली करते. या वाटेवरून मी स्वतः गेले असल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

आपल्या घरांत ‘दीन असे सांगतो’, ‘आपल्यात असे चालत नाही’ आणि ‘आम्हाला तुझी काळजी वाटते’ ही वाक्ये एका दमात बोलली जातात, आणि ऐकणाऱ्या मुलीला ती सगळी दीनाचीच आज्ञा वाटते. मग शिकण्याचा हट्ट धरला तरी आपण अल्लाहची नाफरमानी करतो आहोत असे तिच्या मनात बसते. तुमची शंका मला याच जातीची दिसते. म्हणून समोरचा जे म्हणतो आहे ते यांपैकी नेमके काय आहे, हे प्रत्येक वेळी स्वतःशी ठरवल्याशिवाय उत्तर देऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

निकाहपुरते पाहिले तर दीन तुमच्या बाजूला आहे. देशावरच्या बहुतेक मुस्लिम घरांत हनफी फिकह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राची हनफी शाखा, मानला जातो आणि त्यानुसार बालिग (वयात आलेल्या) मुलीच्या मर्जीवाचून तिचा निकाह होऊ शकत नाही. अडचण आपल्या रिवाजात आहे. कुंवारी मुलगी लाजेने गप्प राहिली तर ते मौन संमती समजावे, अशी हदीस (प्रेषितांचे वचन) आहे. आपल्याकडे मात्र तिच्या रडण्यालाही संमतीच समजले जाते. निकाहच्या दिवशी मुलीच्या वतीने बोलणारा वकील दोन साक्षीदारांना घेऊन आतल्या खोलीत येतो, ओढणीखाली मान घातलेल्या मुलीला मेहरची, म्हणजे नवऱ्याने पत्नीला द्यायची, रक्कम सांगून विचारतो, आणि भोवती बसलेल्या खाला-फुप्प्यांच्या गराड्यात तिने नकार द्यावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. विचारण्याचा विधी होतो, विचारणे होत नाही. म्हणून तुमचा शब्द आज, पैगामाच्या टप्प्यावरच, अब्बांच्या आणि अम्मीच्या कानावर पडला पाहिजे. मुलाकडची माणसे एकदा येऊन बसली, मिठाई वाटली गेली, की तोच शब्द घराच्या इज्जतीवर आल्यासारखा होतो आणि मग मनातून तुमच्या बाजूचे असलेले वडीलही हतबल होतात.

निकाह लवकर करण्याचेच ठरले, आणि तुमचीही त्याला ना नसेल, तर ‘निकाहनंतर शीक’ हे तोंडी आश्वासन पुरेसे मानू नका. निकाह हा करार आहे आणि करारात अटी घालता येतात. माझ्या निकाहनाम्यात मेहरच्या रकमेखाली काही ओळी कोऱ्या होत्या. अशा ओळींवर बहुधा तिरकी रेघ मारली जाते. माझ्या अब्बांनी तिथे एलएल.बी. पूर्ण होईपर्यंत मुलीला शिकू द्यावे, अशी अट लिहायला सांगितली. काझीसाहेब क्षणभर थांबले, त्यांनी मुलाच्या वडिलांकडे पाहिले, त्यांनी मान डोलावली आणि अट लिहिली गेली. पुढे बाळंतपणानंतर माझे शिक्षण थांबते की काय अशी वेळ आली, तेव्हा सासऱ्यांनी स्वतः त्या कागदाची आठवण दिली. विशिष्ट परिस्थितीत तलाकचा अधिकार पत्नीकडे सोपवण्याची, म्हणजे तलाक-ए-तफवीजची, अटही निकाहनाम्यात घालता येते आणि भारतीय न्यायालयांनी ती मान्य केलेली आहे. मेहर हा तुमचा हक्क आहे. जहेजला, म्हणजे हुंड्याला, दीनात आधार नाही, आणि १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यातही मेहरला हुंड्याच्या व्याख्येतून वगळलेले आहे. एका दमात तीनदा तलाक उच्चारण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवली आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्याआधी, १८ एप्रिल १९६६ रोजी, समाजसुधारक हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया याच मागणीसाठी मुंबईत मोर्चा घेऊन गेल्या होत्या.

अब्बांच्या मनात रिवाजापेक्षा काळजी अधिक असावी, असे तुमचे लिहिणे वाचून मला वाटते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तुमच्याच तालुक्यातील पुसेसावळीत दंगल झाली, मशिदीवर हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. अशा घटनेनंतर बाप मुलीला परगावी पाठवायला कचरत असेल, तर त्याला जुनाट विचारांचा म्हणणे अन्यायाचे होईल. बाहेरचे वातावरण बिघडले की पहिली कात्री मुलींच्या जाण्यायेण्याला लागते, आणि याची जबाबदारी एकट्या मुस्लिम घरांवर टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण ही काळजी वादविवादाने कमी होत नाही. वसतिगृह कोणाच्या देखरेखीखाली आहे, गावाकडची शेवटची एसटी किती वाजता आहे, त्या गावात आपले कोण राहते, हे सगळे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. शक्य असेल तर अब्बांना सोबत घेऊन कॉलेज आणि वसतिगृह दाखवून आणा. कराडला शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे, आणि ‘सरकारी’ या शब्दाने आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना बराच धीर येतो.

खर्चाचा प्रश्न तुम्ही ओझरता लिहिला आहे, पण माझ्या अनुभवात पुष्कळदा खरा अडसर तोच असतो आणि तो बोलून दाखवायला बापाला संकोच वाटतो. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गांतील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य शासनाने पूर्ण माफ केले आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झालेला असावा लागतो. तांबोळी, बागवान, पिंजारी अशा आपल्या अनेक जमाती ओबीसी यादीत आहेत, तरीही असंख्य घरांनी जातीचा दाखला कधी काढलेलाच नाही. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पुष्कळदा नुसतेच ‘मुसलमान’ लिहिलेले सापडते. तसे असेल तर चुलत आजोबांचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुनी खरेदीखते शोधा. ज्यांची जमात कोणत्याच आरक्षित यादीत नाही, त्यांना निकषांत बसत असल्यास ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो.

हिजाबबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण तो निर्णय माझा नाही, मैत्रिणींचा नाही आणि मोहल्ल्याचाही नाही. कर्नाटकातील हिजाबबंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी १३ ऑक्टोबर २०२२ रोजी एकमेकांविरुद्ध निकाल दिले. इतक्या जाणत्या माणसांचे जिथे एकमत झाले नाही, तिथे तुमच्या मैत्रिणींनी ओढणीवरून तुमची बुद्धी मापावी हे मला पटत नाही. तुम्ही श्रद्धेने हिजाब घेत असाल तर निःसंकोच घ्या. उद्या तुमचा विचार बदलला, तर तो तुमचा आणि अल्लाहचा मामला राहील.

‘तुम्ही मराठी किती छान बोलता’ असे ऐकून परके वाटते, असेही तुम्ही म्हणता. मलाही न्यायालयाच्या आवारात ते अजून ऐकावे लागते, आणि दर वेळी टोचते. श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यातच दफन झाले. आणि तुमच्या जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात आपली सहकारी फातिमा हिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असे जोतिरावांना कळवले आहे. या मातीत आपण पाहुण्या नाही. घरी दखनी उर्दू आणि दारात मराठी बोलणे यात लपवण्यासारखे काहीही नाही.

राहिली तुमची शंका. नमाज, रोजा, खरे बोलणे, आईबापांशी अदबीने वागणे हे सगळे तुमच्याकडून होत असताना, केवळ पुढे शिकायची इच्छा धरल्याने ईमान उणे होते असे मी कोणत्याही जाणत्या आलिमाकडून (धर्मपंडिताकडून) ऐकलेले नाही. अदबीने दिलेला नकार ही बेअदबी नव्हे. मात्र कोणी धमकावू लागले, कोंडून ठेवू लागले किंवा मारहाणीवर आले, तर अदब बाजूला ठेवून १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा ११२ ला फोन करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुमच्या घरी तशी वेळ येईल असे तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही.

आधी अम्मीशी बोला, तिच्याकरवी अब्बांच्या कानावर घाला आणि पैगाम आणणाऱ्यांना ‘मुलीचे शिक्षण चालू आहे’ एवढे उत्तर देण्याची विनंती करा. त्याच आठवड्यात आजोबांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा, कारण डी.फार्म.नंतर थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची फेरी सुरू झाली की दाखल्यांसाठी वेळ उरत नाही.