इंजेक्टर घेताय? आधी सिरिंजचे दर विचारा

नवीन सीटी सेंटरसाठी अभिनंदन! पण कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून शिरेत सोडायचं औषध) सोडणारा इंजेक्टर निवडताना तुम्ही नुसत्या मशीनच्या किमती ताडून बघताय आणि बहुतेक जण तिथेच फसतात. मशीन एकदाच घ्यायचं, सिरिंज आणि ट्यूबिंग मात्र रोज लागतं. दर पेशंटमागचा खर्च लेखी घ्या. दुसऱ्या कंपनीची सिरिंज चालते का, तेही विचारा. विक्रेता इथे जरा अडखळतो, अडखळू द्या.

सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करणार असाल तर ड्युअल हेड, म्हणजे दोन सिरिंजचाच घ्या. एकीकडे कॉन्ट्रास्ट, दुसरीकडे सलाईन. मागून येणारं सलाईन नळीत नि हाताच्या शिरेत रेंगाळलेला कॉन्ट्रास्ट पुढे ढकलतं, त्यामुळे तो वायाही कमी जातो.

‘सेकंदाला १० मिली’ या वेगाला भुलू नका. सीटी अँजिओला सेकंदाला साधारण ४-५ मिली पुरतं, तेही कोपराजवळ १८ किंवा २० गेज जाडीचा कॅन्युला (शिरेत बसवायची नळी) नीट बसला असेल तर.

डेमोत स्वतः बघा:
- नळीत हवा असेल तर मशीन काय करतं?
- प्रेशरची मर्यादा गाठल्यावर?
- आधी नुसतं सलाईन सोडून शीर तपासता येते का?

आणि हाच इंजेक्टर पुढे एमआरआयला वापरू, असं मनातही आणू नका. तिथे चुंबकाला चालणारा वेगळाच लागतो. सिरिंजलेसचं (सिरिंजशिवाय चालणाऱ्या इंजेक्टरचं) पेशंट वाढले की बघू.