वाचकांचे प्रश्न : धर्माच्या नावावर मत मागितलं, तर मतदाराने काय करावं?

प्रश्न : विधानसभेच्या प्रचारात एका उमेदवाराने भर सभेत 'आपल्या धर्माच्या माणसालाच मत द्या' असं आवाहन केलं. आमच्याकडे मोबाइलवर त्याचं चित्रण आहे. पुढे काय करावं? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : आधी सभेची तारीख पाहा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. पण कायद्याच्या दृष्टीने माणूस उमेदवार होतो तो उमेदवारी अर्ज भरल्यावर. त्याआधीचं भाषण कितीही विखारी असो, या कलमात बसत नाही. त्यासाठी पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली (समाजगटांत वैर पसरवणं) तक्रार करावी लागते. अर्ज भरल्यानंतरची सभा असेल, तर 'आपला' धर्म म्हणजे कोणाचा, हा वाद आता उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०१७ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की, उमेदवाराचा आणि मतदाराचा, दोघांचाही धर्म यात येतो.

आचारसंहितेच्या काळात तक्रारीसाठी निवडणूक आयोगाचं 'सी-व्हिजिल' ॲप आहे, पण ते गॅलरीतलं जुनं चित्रण घेत नाही, जागेवरच टिपावं लागतं. म्हणून तुम्ही निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मूळ फाइल फोनमधून काढू नका. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या प्रतीचा दर्जा घटतो, तिच्यातली वेळ-ठिकाणाची माहितीही गळते. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

तो उमेदवार निवडून आला तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. त्या मतदारसंघातला कोणताही मतदार ती करू शकतो, २,००० रुपये अनामत भरून. उशीर माफ होत नाही. कोण, कुठे, कोणत्या तारखेला, काय बोललं हे याचिकेतच हवं. मोघम आरोप टिकत नाहीत. भाषण दुसऱ्याने केलं असेल तर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची संमती सिद्ध करावी लागते, आणि तिथे खटला ढासळू शकतो. विलंब हा मात्र या व्यवस्थेचा खरा दोष आहे. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतली निवड धर्माच्या नावावर मत मागितल्याबद्दल उच्च न्यायालयाने रद्द केली, तो वाद सर्वोच्च न्यायालयात संपला डिसेंबर १९९५ मध्ये. निवड रद्दच राहिली, पण ती विधानसभा केव्हाच विसर्जित झाली होती.

प्रश्न : देवस्थानाच्या उत्सवात उमेदवार आला तर विश्वस्तांनी काय करावं? (एक विश्वस्त, सिन्नर)

उत्तर : दर्शनाला कोणीही यावं. पण १९८८ च्या धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायद्यानुसार देवस्थानाची जागा, निधी किंवा मिरवणूक राजकीय कामासाठी देता येत नाही. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. उल्लंघन दिसलं तर पोलिसांना कळवणं हे विश्वस्तांचं कर्तव्य आहे. गप्प बसून सुटका नाही. ध्वनिक्षेपकाचा ताबा विश्वस्तांच्याच माणसाकडे ठेवा.

प्रश्न : मग काळाराम मंदिराचा सत्याग्रह हेही धर्माचं राजकारणच नव्हे का? (एक विद्यार्थिनी, नाशिकरोड)

उत्तर : राजकारण होतंच, आणि ते व्हायलाच हवं होतं. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला आणि दादासाहेब गायकवाडांनी इथे चिकाटीने चालवलेला तो लढा बंद दरवाज्यासमोरच्या समान हक्काचा होता. दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. धर्माच्या नावावर झालेल्या अन्यायाबद्दल बोलणं आणि धर्माच्या नावावर मत मागणं यांत आम्ही ठाम फरक करतो. २०१७ च्या निकालात विरोधी मत देणाऱ्या तीन न्यायमूर्तींची चिंता हीच होती, की कलमाचा अर्थ फार ताणला तर जातीमुळे, धर्मामुळे सोसलेल्या भेदभावाची चर्चाच प्रचारातून हद्दपार होईल. 'आमच्या वस्तीला दफनभूमीची जागा नाही, ती मिळवून देईन' असं उमेदवाराने जरूर म्हणावं. 'मी तुमच्या समाजाचा आहे, म्हणून मलाच मत द्या' असं म्हटलं की कलम १२३(३) लागतं.